घरोटावर बसलेल्या बहिणाबाई : पुतळ्याच्या कामाच्या नोंदी

काम काय ते आधी सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या आवारात बहिणाबाई चौधरींचा पूर्णाकृती पुतळा, गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूत, घरोटावर म्हणजे जात्यावर दळत बसलेला. मी मूर्तिकार. आजवरची कामं बहुतेक अर्धपुतळ्यांची, नाहीतर उभ्या पुतळ्यांची. बसलेल्या आकृतीचं गणित सगळंच वेगळं निघालं, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून इथे देतोय. गावाचं, फाउंड्रीचं नाव मुद्दाम गाळलंय.

१४ ऑक्टोबर २०२४

समितीची पहिली बैठक. त्यांच्या डोक्यातलं चित्र ठरलेलं: आठ फुटी चौथरा, वर छत्री, अर्धपुतळा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात पुस्तक.

पुस्तक लगेच सुटलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं हे सगळ्यांनाच माहीत. गाणी त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ती उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, गाण्यांचं पुस्तक आलं ते १९५२ मध्ये. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही.

कुंकवावर मात्र तासभर गेला. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आलं. आपण पुतळा करतोय साठीतल्या बाईचा, कारण सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा म्हातारपणीच्या फोटोतला आहे. मग कुंकू कुठून आणायचं? एक नाना म्हणाले, "बाईमाणसाचा पुतळा बोडक्या कपाळाचा बरा दिसत नाही." वाचनालयात काम करणाऱ्या ताई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांचं अर्धं गाणंच त्या कपाळातून आलंय, नाना." विषय संपला. इतिवृत्तात लिहून घेतलं: कुंकू नाही, मंगळसूत्र नाही. असं काही ठरलं की त्याच दिवशी लेखी घ्या, पुढे उपयोग होतो.

चौथऱ्याबद्दल माझं म्हणणं असं की दळायला बसलेली बाई जमिनीजवळच हवी. दीड फुटाचा ओटा पुरे. आठ फुटांवर चढवली तर खालून फक्त घरोटाचा बुड दिसेल. हे कोणाला पटेना. शेवटी "जयंतीला हार घालायला शिडी लागणार नाही" हे वाक्य कामी आलं.

२८ ऑक्टोबर

जागा बघितली. मूळ ठराव चौकातल्या जागेचा होता. तो रद्द करायला लावला. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार रस्ता, फूटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नव्या पुतळ्याला परवानगी देता येत नाही. वाचनालयाचं आवार संस्थेच्या मालकीचं आहे, तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवीच, आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता हवी. नव्याने काम करणाऱ्यांनी हे वेळापत्रकात पहिल्या पानावर लिहावं.

माती काळी कापसाची. उन्हाळ्यात भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते. आवारातल्या जुन्या ध्वजस्तंभाचा ओटा एका बाजूला कलला आहे, तो बघून पुढचं काय ते समजलो.

१७ नोव्हेंबर

घरोट मिळालं. एका घरात गोठ्यामागे पडून होतं. मालकांनी पैसे घेतले नाहीत. काळ्या दगडाचं, वरच्या तळीचा व्यास ४० सेंटिमीटर. ठरवलं की घरोट धातूत ओतायचं नाही, खरंच बसवायचं. धातू वाचेल आणि दगडाला दगडाचा पोत राहील. (हा निर्णय पुढे भोवला. १९ जुलैची नोंद बघा.)

मग पोझ. मी छोटं मॉडेल केलं होतं, दोन्ही पाय दुमडून मांडी घातलेलं. ते शेडमध्ये गल्लीतल्या दोन आज्यांना दाखवलं. थोरली ऐंशीच्या पुढची. तिने मॉडेलकडे बघितलं आणि म्हणाली, "आसं दयतात का रे भाऊ?" आणि थेट खाली बसलीच. डावा पाय घरोटाच्या कडेने लांब सोडला, उजवा दुमडून पोटाशी घेतला, लुगडं नडगीपर्यंत वर ओढून घेतलं, पदर कमरेला खोचला. उजव्या हाताने खुंटा धरला, डाव्याने मूठभर ज्वारी घरोटाच्या तोंडात टाकली, आणि रिकामं पडलेलं ते घरोट फिरायला लागलं.

मी बाजूला बसून हात बघत राहिलो. खुंट्यावरची पकड सारखी बदलते. खुंटा अंगाकडे येताना बोटं आवळतात, लांब जाताना बोटं सैल पडतात आणि तळहाताच्या टाचेने ढकललं जातं. अर्ध्या फेरीनंतर खांदाही पुढे जातो आणि कंबर उचलल्यासारखी होते. पुतळ्यात यातला एकच क्षण धरता येणार. मी ओढण्याचा क्षण घेतला. एक तर त्यात मनगटाच्या शिरा दिसतात. दुसरं म्हणजे कोपर अंगाजवळ येतं, हात अधांतरी राहत नाही. पुढे कोणी पोर त्या हाताला लोंबकळणार, हे गृहीत धरूनच काम करायचं असतं.

लांब सोडलेल्या पायामुळे ओटा एका बाजूने फूटभर वाढवावा लागणार. ड्रॉइंग बदललं.

९ डिसेंबर

सांगाडा. कण्याला दीड इंची पाइप, हातापायांना १२ मिलिमीटरची सळई, बोटांना अॅल्युमिनियमची तार, मातीला धरायला लाकडी फुल्या. शाडू चढवायला सुरुवात. बसलेल्या आकृतीत मांडीवर आणि पोटाशी फार माती जाते. पोकळी भरायला आत थर्माकोल बांधला, नाहीतर त्या पोकळीनेच सगळी माती खाल्ली असती.

१५ डिसेंबर

रात्रीत डावा हात मनगटापासून खाली आला. कोपराच्या पुढे मी तारच वापरली होती. हात कापून पुन्हा सळई वेल्ड केली आणि मनगटापर्यंत नेली. ओल्या मातीजवळ वेल्डिंग केलं की भोवतालची माती भाजून कडक होते, ती खरवडून नवी भरावी लागते.

११ जानेवारी २०२५

चेहरा. फोटो समोरचा, त्यामुळे बाजूने नाक किती आणि हनुवटी किती, याला आधार नाही. बाजूचा चेहरा मी या भागातल्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवरून बांधला. गालफडं वर, दात गेल्यावर ओठ आत जातात तसे, पण कपाळ ताठ.

एक गोष्ट इथे सविस्तर लिहितो, कारण डोक्यावर पदर असलेल्या कोणत्याही पुतळ्याला ती लागू आहे. शेडमध्ये उजेड खिडकीतून, म्हणजे बाजूने येतो. चेहरा छान दिसत होता. मग छताला मोठा दिवा टांगून बघितला, दुपारचं ऊन समजून. पदराच्या काठाची सावली भुवयांपासून वरच्या ओठापर्यंत पडली आणि डोळे गायबच झाले. खानदेशात वर्षातले आठ महिने ऊन हे असंच डोक्यावरून येतं.

पदराचा काठ सव्वा इंच मागे घेतला आणि पुढच्या केसांची रेघ उघडी केली. तेवढ्याने भागलं नाही, कारण मान खाली होती. दळणारी बाई घरोटाकडे बघणार हे बरोबर, पण मग चेहरा दिसतो कोणाला? शाळेतून बाक आणून दीड फूट उंचीवर एका मावशींना त्याच पोझमध्ये बसवलं आणि समितीला समोर उभं केलं. सगळ्यांना दिसला तो पदर. बाक वाढवत वाढवत अडीच फुटांवर गेल्यावर उभ्या माणसाचे डोळे आणि बसलेल्या बाईचे डोळे एका रेषेत आले. तेव्हा ओटा अडीच फूट. दीड फुटासाठी मी भांडलो होतो ते तसंच सोडून दिलं. मान वर उचलली, ओठ किंचित उघडे ठेवले. दळता दळता गाणं म्हणणारी बाई समोर बघते, हे आजींनी न सांगता करून दाखवलं होतंच. बाकांचा प्रयोग फुकटात होतो. मातीला हात लावायच्या आधी करा.

६ फेब्रुवारी

समिती मॉडेल बघून गेली. नानांनी कपाळाकडे बघितलं, बोलले काही नाहीत. प्रस्ताव पाठवला.

३ मार्च

प्रस्ताव परत. आमच्याकडून पाठीमागचा फोटो आणि जागेच्या मालकीचा उतारा जोडायचा राहिला होता. शिवाय संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र मागितलंय. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळल्यापासून पुतळा म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्तच आहे. इंजिनियरने बारा हजार घेतले.

यात नुकसान झालं ते मातीचं. मान्यता येईपर्यंत मॉडेल हलवायचं नाही, बदलायचं नाही, पण ओलं मात्र ठेवायचं. मार्चमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. ओली गोणपाटं, त्यावर प्लास्टिक, दिवसातून तीनदा फवारा. तरी पदराच्या चुण्या तडकल्या आणि पायाची करंगळी गळाली. एक मुलगा फक्त पाणी मारायला रोजावर ठेवला. आधी सगळी कागदपत्रं, मग पूर्ण आकाराची माती, हा क्रम पाळला असता तर हा खर्च वाचला असता.

१९ एप्रिल

मान्यता आली. लगेच साचा.

चेहरा, हात आणि पावलं सिलिकॉन रबरात, बाकी अंग प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तुकड्यांच्या साच्यात. सगळाच रबराचा साचा बजेटमध्ये बसत नव्हता. उन्हाने इथेही खोडी काढली. रबरात हार्डनर नेहमीच्या प्रमाणात घातला आणि ब्रश फिरवता फिरवताच ते घट्ट व्हायला लागलं. एका कानामागे हवेचे फुगे अडकले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला काम सुरू केलं आणि डबा बर्फाच्या पाण्यात ठेवला. उन्हाळ्यात खानदेशात साचा काढणाऱ्याने दहानंतर रबराच्या डब्याला हात लावू नये.

२४ मे

साचे फाउंड्रीत पोचले. मेणाची प्रत (पुढे मेण वितळवून त्याच जागी धातू ओततात) साडेपाच-सहा मिलिमीटर जाडीची हवी असं ठरलं. मेणावर हात फिरवायला मी स्वतः गेलो. कोणीही काही म्हणो, मेणातली दुरुस्ती मूर्तिकारानेच करावी. कारागिराने कानामागचे फुगे भरताना कान गुळगुळीत केला होता, तो पुन्हा कोरला.

२१ जून

ओतकाम. आकृती चार तुकड्यांत: डोकं-खांदे, धड, उजवा हात, कमरेखालचा भाग. धातू गनमेटल, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५.

पदराच्या काठाशी धातू पोचलाच नाही. मी मेणात काठ फार पातळ केला होता आणि तिथे हवा जायला वाट कमी होती. तळहाताएवढं भोक. तो तुकडा वेगळा ओतून आर्गन वेल्डिंगने जोडायचं ठरलं. जोड चुणीच्या ओळीत घेतला की दिसत नाही.

वजनाचा वाद वेगळाच. अंदाज १३० किलो, प्रत्यक्षात भरले १६८. मेण काही ठिकाणी नऊ-दहा मिलिमीटर चढलं होतं. दर किलोमागे १२५० रुपये, म्हणजे साडेसत्तेचाळीस हजारांचा फरक. बोलाचाली झाली, अखेर निम्मा भार त्यांनी उचलला. धातूच्या कामाचा करार किलोवर करू नका; नगावर करा आणि जाडीची वरची मर्यादा लिहून घ्या.

१९ जुलै

चारही तुकडे जोडून आकृती उभी राहिली, म्हणजे बसली. आणि घरोट बसेना.

कारण सरळ आहे, पण माझ्या हिशेबात ते घेतलंच गेलं नव्हतं. मेण आकसतं, मग धातू आकसतो. दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. चेहऱ्यात ते कळत नाही. पण दगड मात्र आहे तेवढाच. मातीत मी खऱ्या घरोटाभोवती आकृती बांधली होती. आता मुठीतून ४० मिलिमीटरचा खुंटा जात नाही. बैठकीपासून खुंट्यापर्यंतचं अंतर दीड सेंटिमीटरने कमी झालंय. घरोट जवळ सरकवावं तर लांब सोडलेल्या पायाची नडगी दगडाला घासते.

तीन पर्याय निघाले. हात कापून मनगटात तुकडा घालणं, हे मला मान्य नव्हतं. वेल्डिंगचा जोड नेमका शिरांवरून गेला असता. लहान घरोट शोधलं, मिळालं नाही. शेवटी टाकी लावणाऱ्या पाथरवटाला बोलावलं. त्याने वरच्या तळीची कड सगळीकडून सहा मिलिमीटर घडवून आत घेतली आणि खुंट्याचं भोक नव्या जागी पाडलं. जुनं भोक दगडाच्या भुकटीत इपॉक्सी कालवून बुजवलं. ठाऊक असलेल्यालाच दिसतं. लाकडी खुंटा पावसात टिकणारच नव्हता, तेव्हा तो ३८ मिलिमीटरचा गनमेटलमध्ये ओतून मुठीत वेल्ड केला. त्यामुळे हात, खुंटा आणि दगड एकमेकांत अडकले आणि लोंबकळणाऱ्या पोराची चिंताही मिटली.

खरी वस्तू आणि ओतलेली आकृती एकत्र आणायची असेल तर माती अडीच-तीन टक्के मोठी करा. पुस्तकात हे एका ओळीत असतं.

२४ ऑगस्ट

जयंती. पुतळा आज बसायचा होता. नाही बसला. वाचनालयात फोटोला हार घातला, पोरांनी गाणी म्हटली. नवी तारीख ३ डिसेंबर, पुण्यतिथी.

१२ ऑक्टोबर

पाऊस उघडल्यावर पाया. सहा फुटांवर मुरूम लागला. तिथपर्यंत काळी माती पूर्ण काढली, पायाच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त, आणि मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरला. ठेकेदार म्हणत होता, "एवढ्याशा पुतळ्याला विहीर खणता का भाऊ?" त्याला ध्वजस्तंभाचा ओटा दाखवला. वर आरसीसी राफ्ट, म्हणजे सलग काँक्रीटचा थर, ओट्याला बाहेरून काळ्या दगडाची चिराबंदी. ओट्याभोवती उतार देऊन पाणी लांब काढलं. काळ्या मातीत पायाशी पाणी मुरू देणं म्हणजे सगळ्या खर्चावर पाणीच.

१६ नोव्हेंबर

बसवणी. आतला सांगाडा आणि अँकर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड गनमेटलला लागून ठेवलं आणि ओल लागली की लोखंड भराभर गंजतं, वर बाहेरून कळतही नाही.

मांडीवरच्या लुगड्याच्या चुण्यांत बादलीभर पाणी ओतून बघितलं. एक खळगा साचून राहिला. तिथे आठ मिलिमीटरचं भोक, आतून नळी, ओट्याच्या मागे बाहेर. बसलेल्या प्रत्येक पुतळ्याला मांडी असते, म्हणजे तळंही असतं. हे फाउंड्रीतच बघून घ्या.

घरोट फिरतं ठेवावं असा आग्रह होता. नाही ठेवलं. पोरांची बोटं दोन तळ्यांत चिरडतील. आतून स्टीलची पिन घालून इपॉक्सीने पक्कं केलं.

पाटी. ग्रॅनाइटवर 'अरे संसार संसार'च्या पहिल्या ओळी. डीटीपीवाल्याने 'मियते'चं 'मिळते' केलं, त्याला वाटलं आपण चूक सुधारली. प्रूफ छापील पुस्तक शेजारी धरून तपासलं गेलं नव्हतं. दगड वाया, सात हजार गेले. दुसरी पाटी कोरायच्या आधी वाचनालयाच्या ताईंची प्रत्येक अक्षरावर सही घेतली.

३ डिसेंबर

अनावरण झालं. भाषणं लांबली. थोरल्या आजीला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं; तिने उठून पुतळ्याच्या मुठीवर हात ठेवून पकड तपासली आणि परत जाऊन बसली.

१८ जानेवारी २०२६

फोन आला, "चेहरा पिवळा पडलाय." जाऊन बघतो तर संक्रांतीला कोणीतरी भक्तिभावाने चिंच लावून चेहरा आणि हात लखलखीत घासले होते, घरच्या तांब्या-पितळेला घासतात तसे. तपकिरी पटिना, म्हणजे धातूवर रसायनांनी चढवलेला रंगाचा थर, साफ उडालेली. आणि चकाकणाऱ्या त्या कपाळावर हळदी-कुंकू.

ओल्या फडक्याने सगळं पुसलं. गॅसच्या ज्योतीने चेहरा तापवून सल्फरेटेड पोटॅशचं पातळ पाणी ब्रशने चढवलं, मग फेरिक नायट्रेट, तापल्या धातूवरच मेण. मानेच्या जुन्या रंगाशी जुळायला दुपार गेली. फेरिक नायट्रेट जास्त झालं की रंग लाल मारतो. डाव्या कानाजवळ थोडा मारलाच आहे.

कुंकवाबद्दल समितीत पुन्हा चर्चा झाली. बंदीची पाटी लावायची नाही असं ठरलं, बाया लावणारच. कोरडं कुंकू धातूचं काही बिघडवत नाही, तेल आणि आंबट बिघडवतं. वाचनालयाच्या शिपायाला सांगितलंय: आठवड्यातून एकदा साधं पाणी आणि मऊ फडकं, चिंच-लिंबू-राख काही नाही, वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, मेणाचा हात. मेणाचा डबा, ब्रश आणि लेखी सूचना कपाटात ठेवल्यात.

एकूण खर्च सहा लाख ऐंशी हजारांच्या घरात गेला. बजेट साडेपाच होतं. फरकात मुख्य वाटा धातूच्या जादा वजनाचा, पायाच्या खोदाईचा आणि मार्च-एप्रिलमध्ये माती ओली ठेवण्याचा. ओट्याचं ड्रॉइंग आणि सांगाड्याची मापं हवी असतील त्यांना देईन. मात्र मापं आकसलेल्या धातूची आहेत, मातीची नाहीत.